पोलिसाबरोबर पांढरी साडी

पोलीस इन्स्पेक्टरचा गणवेश जिथे जातो तिथे पांढरी सुती साडीही जाते, असं संगणकानं मला सांगितलं तेव्हा मी गोरेगाव पूर्वेच्या एका गोदामात, एका लोखंडी पेटीवर बसून पोळी-भाजी खात होते. घास तसाच हातात ठेवून मी समोरच्या परबबाईंना विचारलं, "बाई, हे काय प्रकरण आहे?"

"प्रकरण कसलं त्यात? सिरियलमध्ये इन्स्पेक्टर दारात कशाला येतो? नवरा गेल्याचं सांगायला. मग दुसऱ्या दिवशी त्या बाईला पांढरी साडी नको? एकाच पेटीतून पाठवते मी दोघांना."

मला असा ठसका लागला की बाईंनी उठून माझ्या पाठीत दोन धपके घातले. त्या दिवसापासून आमची दोस्ती.

आता मी काय काम करते ते सांगायला हवं, कारण ते माझ्या घरातही कुणाला नीट कळलेलं नाही. माझ्या सासूबाई मुलुंडच्या आमच्या चाळवजा सोसायटीत सांगायच्या, "सून कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधत असते. काय हरवलंय ते विचारू नका." खरं तर व्याख्या वाईट नाही. दुकानं, दवाखाने, कारखाने रोज तक्ते भरतात: कोण आलं, काय नेलं, कधी परत दिलं. वर्षानुवर्षांचे असे तक्ते साचतात आणि कुणी ते वाचत नाही. मी संगणकाला ते वाचायला लावते आणि विचारते, यात काय काय जोडीनं घडतंय बघ. संगणक कंटाळत नाही, लाजत तर अजिबात नाही. तो हजारो सूत्रं माझ्यापुढे ओततो. त्यातली निम्मी सगळ्या जगाला आधीपासून ठाऊक असतात, निम्मी निव्वळ योगायोग असतात, आणि या दोन निम्म्यांच्या फटीत कुठेतरी थोडीशी खरी चीजवस्तू पडलेली असते. ती उचलायची, हा माझा धंदा.

पहिली फजिती अंधेरीत झाली. चष्म्याच्या दुकानांचा एक मालक होता, त्याच्या विक्रीचे तक्ते मी संगणकात घातले आणि चार दिवसांच्या मेहनतीनंतर सर्वांत पक्कं सूत्र घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. सूत्र असं होतं: जो डाव्या डोळ्याची काच घेतो, तो उजव्या डोळ्याचीही घेतो. मालकानं आपला चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघत राहिला. पण माणूस भला. म्हणाला, "ताई, हे मला माहितीये. ज्यांनी एकच काच घेतली ते दाखवा ना. त्यांचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं असतं, ते नंतर परत येतात." म्हणजे जे माहीत आहे ते आधी त्यानं सांगायचं, मी ते संगणकाला शिकवायचं, आणि मग संगणकानं फक्त वेगळं काय आहे तेवढंच बोलायचं. या एका वाक्यावर माझी पुढची नोकरी चालली. तेव्हापासून कुठेही गेले की मी आधी जाणकार माणूस शोधते. तो भेटला की निम्मं काम झालं आणि निम्मी भांडणं सुरू झाली असं समजायचं.

परबबाई या सगळ्या जाणकारांत अव्वल. गोदाम होतं सिनेमा-मालिकांना भाड्यानं कपडे देणाऱ्यांचं. बाई मूळच्या कणकवलीकडच्या, वडील गिरणीत, स्वतः या गोदामात केस पांढरे होईपर्यंत. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते त्या कुणापासून लपवत नसत. "या लाईनमध्ये परबबाईला विचारल्याशिवाय कुणी मरत नाही आणि कुणाचं लग्न लागत नाही," असं त्यांनी पहिल्याच भेटीत मला ऐकवलं होतं.

मला बोलावलं होतं ते मालकानं, म्हणजे हर्षलनं. वडिलांच्या पश्चात धंदा त्याच्याकडे आला होता. गोरेगावची जागा पुनर्विकासात जाणार होती आणि नाहूरला घेतलेला नवा गाळा याच्या निम्माच होता. म्हणजे निम्मे कपडे काढून टाकायचे. कुठले, ते संगणकानं सांगायचं. इथवर ठीक होतं. मग त्यानं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, अजून एक. नाहूरला सगळं टॅबलेटवर असणार. बाईंना आता आराम देऊ या ना. वय झालंय. त्यांच्या डोक्यात जे काय आहे ते जाण्याआधी सगळं काढून घ्या, कॉम्प्युटरमध्ये टाका. मग टेन्शन नाही."

"बाईंना हवाय का आराम?" मी विचारलं.

"त्यांना कुठे काय हवं असतं! चाललं असतं तर त्या इथेच झोपल्या असत्या."

मला ते मुळीच आवडलं नाही. पण काम घेतलं होतं. बाहेर आले तर बाई एका राजाच्या अंगरख्याला टाचणी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं डोकं काढून न्यायला आलीस ना गं?"

खोटं बोलायला मला जमत नाही. मी म्हटलं, "हो."

"ने. पण सगळं नेता आलं तर बघ. आणि त्याला सांग, परबबाई नाहूरलाच येणार. घरी बसून मी करू काय? भिंतीला साडी नेसवू?"

तर असा मामला होता. मी जितकं चांगलं काम करीन तितकी बाईंची खुर्ची हलणार, आणि बाईंशिवाय मला चांगलं काम करता येणार नव्हतं. तरीही सांगते, त्या महिन्यांत मी जितकी हसले तितकी आयुष्यात कधी हसले नसेन. मुलुंडहून लिंक रोडच्या बसनं जाताना मला सकाळीच हसू फुटायचं आणि शेजारचा माणूस सरकून बसायचा.

पहिल्या दिवशी संगणकानं आपल्या वकुबानुसार जाहीर केलं की साडीबरोबर परकर जातो. पॅण्टबरोबर पट्टा जातो. बाईंनी पडद्याकडे बघून हात जोडले. "शिरा पडो ह्या कंप्युटरार! परकराशिवाय साडी कोण नेसतं?" मग आम्ही बसलो आणि जे मुळातच जोडीनं जातं ते सगळं बाईंनी सांगितलं, मी संगणकाला बजावलं: यावर तोंड उघडायचं नाही. त्याची बडबड बरीच कमी झाली.

पण खरी मजा पुढे आली. हर्षलच्या तक्त्यात कपडे जातीनुसार लावलेले होते: साड्या, शर्ट, कोट, फेटे. त्यामुळे सूत्रं निघत, ती अगदीच मिळमिळीत. बाईंच्या गोदामात मात्र मांडणीच वेगळी. एका खणात लग्न. एका खणात मरण. पुढे कोर्ट, हॉस्पिटल, देव, श्रीमंती, गरिबी. गरिबीचे पुन्हा दोन कप्पे, स्वच्छ आणि मळकी. पांढरी साडी एकीकडे मरणात, दुसरीकडे हॉस्पिटलात, तिसरीकडे राजकारणात. मी विचारलं, "बाई, साडी ती साडीच ना?"

"वेडी का काय तू? मरणातली साडी राजकारणात दिली तर नेता गंभीर दिसेल का?"

मी ती खणांची रचना जशीच्या तशी संगणकाला शिकवली. म्हटलं, बाबा रे, कपडा बघू नकोस, प्रसंग बघ. आणि तो जो काही सुटला! वकिलाचा काळा कोट जातो तिथे श्रीमंत घरातली आजी जाते. ("मृत्युपत्र," बाई म्हणाल्या.) लग्नाच्या खणातून शालू गेला की त्याच पेटीत डॉक्टरचा कोट. ("मांडवात कुणीतरी कोसळतं. मुलीचा बाप, बहुतेक.") मळक्या गरिबीतला सदरा गेला की काही आठवड्यांनी त्याच मालिकेला श्रीमंतीतला सूट. ("हरवलेला मुलगा.") मी सूत्र वाचायची, बाई उत्तर द्यायच्या, आणि टाचण्या टोचणाऱ्या बायका काम सोडून भोवती जमायच्या. एकदा संगणक म्हणाला, साधूची कफनी आणि नाइट ड्रेस. सगळ्या बाईंकडे वळल्या. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "स्वप्नात येतो." त्यावर जो हशा झाला तो बाहेर रिक्षावाल्यांपर्यंत गेला असणार.

तंत्राची बाजू म्हणाल तर एवढीच, की जाणकाराच्या मनातली वर्गवारी तक्त्याला दिली तर तोच तक्ता बोलायला लागतो. एरवी प्रत्येक साडी एकटी असते, तिच्या नावावर दोन-चार फेऱ्या, त्यातून काही दिसत नाही. आणि यातूनच काय ठेवायचं हेही कळलं. देवांचे मुकुट वर्षातून क्वचित बाहेर पडायचे, हर्षल ते पहिले विकायला निघाला होता. पण मुकुट गेला की त्याच्यामागे अख्खा दरबार जायचा, टेम्पो भरून. मुकुट विकले असते तर दरबार दुसरीकडे गेला असता.

जाणकारही चुकतो, हे सांगायला हवं. भिंतीशी बाईंचे लाडके विलायती गाऊन होते, मण्यांचे, पिसांचे. "हे हातोहात जातात," बाईंनी छातीठोकपणे सांगितलं. संगणक म्हणाला, यांना कुणी हात लावलेला नाही. बाई खवळल्या. "माका नको शिकवू! परवाच गेला होता निळा." परवा म्हणजे कधी, ते शोधलं तर हर्षल तेव्हा शाळेत होता. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांनी गाऊन काढले, एकेक झटकला आणि विकायच्या ढिगावर ठेवला. निळा सगळ्यात शेवटी. मला फार वाईट वाटलं, पण ढीग बरोबर होता.

मग बाई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या आणि आमची वाट लागली.

त्याच आठवड्यात संगणकानं एक सूत्र बाहेर काढलं. 'इतर' म्हणून जो किरकोळ सामानाचा खण होता, त्यातल्या काही पिवळ्या छत्र्या अधूनमधून पेट्यांमधून बाहेर जायच्या. गेटातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद व्हायची, तशी त्यांचीही. आणि सूत्र असं: ज्या निर्मात्यांच्या पहिल्याच पेटीत पिवळी छत्री गेली, ते निर्माते पुन्हा येतात. वर्षानुवर्षं येतात. जवळजवळ अपवाद नाही. एवढं पक्कं सूत्र मी डाव्या-उजव्या काचेनंतर पाहिलं नव्हतं. मी हर्षलला बोलावलं आणि आम्ही दोघं पडद्यासमोर लहान पोरांसारखे नाचायचेच काय ते बाकी होतो.

"बाई येईपर्यंत थांबू या," मी म्हटलं खरं, पण माझाही आवाज थांबण्यातला नव्हता. बाईंचा फोन लागत नव्हता, लग्नघरात कोण उचलणार?

"थांबायचं कशाला मॅडम? कॉम्प्युटर स्वतः बोलतोय ना! लोकांना आवडते छत्री. फ्री गिफ्टसारखं वाटत असेल. झकास आहे यार हे!"

त्यानं बाजारातून गठ्ठ्यानं पिवळ्या छत्र्या आणल्या आणि निघणाऱ्या प्रत्येक पेटीत एकेक घातली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका पौराणिक मालिकेचा सहायक विचारत होता, इंद्राच्या दरबारात ही छत्री नक्की कुणी धरायची. एका गुन्हेगारीच्या मालिकेतून विचारणा आली, प्रेताच्या हातात द्यायची का बाजूला ठेवायची. सगळ्यात कहर कोर्टाच्या मालिकेत झाला. तिथल्या नव्या दिग्दर्शकाला वाटलं, पेटीत आली म्हणजे वेशभूषेचाच भाग असणार. त्यानं नायिकेला, ती वकील होती, छत्री घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या आणि ते चित्रीकरण दाखवूनही झालं. आता या धंद्यात एक नियम कडक असतो: काल पडद्यावर जे दिसलं ते आज तसंच दिसलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षक शिव्या घालतात. म्हणजे खटला संपेपर्यंत ती बाई छत्रीशिवाय कोर्टात शिरू शकत नव्हती, आणि मालिकांमधले खटले किती चालतात ते तुम्हाला माहीत आहेच. त्यांचा निर्माता हर्षलला फोनवर जे बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

सोमवारी बाई आल्या. कपाळावर लग्नाचं कुंकू, हातात मालवणी खाजाचा, म्हणजे गुळात घोळलेल्या शेवकांड्यांचा, पुडा. दारातच पिवळ्या छत्र्यांचा गठ्ठा दिसला.

"ह्या काय केलंस रे मेल्या?"

हर्षलनं सगळं सांगितलं. सूत्र, पडदा, गठ्ठा, इंद्र, प्रेत, वकील. बाई आधी ऐकत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्या मटकन पेटीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. खाजाचा पुडा फुटला आणि फरशीभर विखुरला, तरी हसणं थांबेना.

"अरे वेड्या, छत्री दिली म्हणून माणूस परत येत नाही. परत येणाऱ्या माणसाला मी छत्री देते!"

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं. आपला ड्रेसवाला, म्हणजे गोदामाचा जो माणूस पेटीबरोबर चित्रीकरणाला जातो, तो दिवसभर उन्हात पेटीपाशी बसून असतो. त्याच्यासाठी बाई छत्री द्यायच्या. पण सगळ्यांकडे दिली तर हरवून येते, म्हणून जिथून ती नीट परत येईल अशी खात्री, तिथेच.

"पण बाई, पहिल्याच पेटीला खात्री कशी वाटते तुम्हाला?" मी विचारलं.

"अगं, कपडे निवडायला येतात तेव्हा बघते ना मी. हिरोचे कपडे सगळेच मन लावून निवडतात. हिरोच्या मागे गर्दीत जी माणसं उभी राहणार, त्यांच्या चपलांचे नंबर कोण विचारतो? जो विचारतो त्याचं काम टिकतं, आणि तो आपल्याकडे टिकतो."

माझ्या व्यवसायात सोबत चालणाऱ्या गोष्टीला कारण समजू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ते मला माहीत होतं आणि तरी मी फसले, कारण बाईंना मी कपड्यांबद्दल सगळं विचारलं होतं, बाई स्वतः काय करतात हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस तक्त्यात आम्ही ज्या गोष्टीच्या मागावर होतो, ती गोष्ट म्हणजे बाईंचा अंदाज होता. चपलांचा नंबर कुणी विचारला, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच हर्षलला सांगून टाकलं. "तुमच्या अख्ख्या तक्त्यातलं सगळ्यात पक्कं सूत्र बाई आहेत. त्यांचं डोकं काढून घ्या म्हणालात, मला अर्धंच जमलं. उरलेलं अर्धं हवं असेल तर बाईंनाच न्यायला लागेल."

हर्षल खाली वाकून खाजा गोळा करत राहिला. त्याची अडचण मला कळत होती. शनिवारी सामान हलायचं होतं आणि त्याच दिवशी बाईंचा निरोप समारंभ ठरला होता, सगळ्यांना सांगूनही झालं होतं. बाईंनाही. त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं, पण त्या आठवड्यात त्या खणांची नावं खडूनं पुन्हा पुन्हा गिरवताना दिसायच्या, आणि ते बघवत नव्हतं.

शनिवारी गोदाम रिकामं झालं. शेवटचा टेम्पो दारात उभा होता, भरलेला. टाचण्यांच्या बायका, ड्रेसवाले, मी, सगळे अर्धवर्तुळात उभे. मधे बाई, चेहरा दगडासारखा. हर्षलच्या हातात नारळ आणि एक भरजरी शाल. त्यानं भाषण पाठ केलं होतं, ते पहिल्या वाक्यानंतर विसरला. "बाई, तुम्ही..." म्हणाला आणि अडकला. पुन्हा "बाई, तुम्ही..." शेवटी पुढे होऊन त्यानं ती शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि भडाभडा म्हणाला, "बाई, नाहूरला चला ना. मला नाही जमणार हे."

सगळ्यांचं लक्ष बाईंकडे. बाईंनी शालीचा पदर हातात घेतला, काठ उलटून बघितला, नाकाशी नेऊन हुंगला, आणि मग त्यांचा तो नेहमीचा आवाज लागला.

"अरे मेल्या, ही आपलीच शाल! श्रीमंतीच्या खणातली! सिरियलमध्ये सासऱ्याचा सत्कार होतो ना, तेव्हा त्याच्या खांद्यावर देतो ती. मंगळवारी हिची ऑर्डर आहे आणि तू ती मला देतोस?"

बायकांमध्ये हशाचा भडका उडाला. हर्षल लाल झाला. घाईत दुसरी मिळाली नाही, असं काहीतरी पुटपुटला. बाईंनी शाल खांद्यावरून काढली, हवेत झटकली, चौपदरी घडी केली. नारळ हर्षलच्याच हातात परत दिला, "नव्या जागेत पहिला फोडायला ठेव" म्हणाल्या, आणि शाल छातीशी धरून टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या.